साखळी किती ताणावी?

जळगावाहून पाळधी, एरंडोल, पारोळा या मार्गे धुळ्याकडे जाणाऱ्या जुन्या सहा क्रमांकाच्या महामार्गावर सकाळच्या प्रहरी जी वर्दळ असते, तिच्यात मोटारसायकलीच प्रथम डोळ्यांत भरतात. दोन्ही अंगांस दुधाचे कॅन लटकावून निघालेला गवळी, फवारणीचा पंप मागे बांधून शेताकडे वळणारा शेतकरी, बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडून विद्यापीठ गाठणारे विद्यार्थी, या सर्वांचा त्या दिवसाचा उद्योग ज्या एका वस्तूच्या भरवशावर चाललेला असतो, ती वस्तू त्यांपैकी पुष्कळांनी महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलेलीही नसते. कारण इंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत नेणारी ती साखळी आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत पत्र्याच्या आवरणाआड, म्हणजे चेन कव्हरच्या आत, फिरत असते. आणि जे दिसत नाही त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. ज्याने नुकतीच गाडी हाती घेतली आहे त्याने प्रथम ही साखळी पाहावी, तिचे म्हणणे काय आहे ते समजून घ्यावे आणि मगच पान्याला हात घालावा, या हेतूने हे प्रकरण लिहिले आहे.

गाडीच्या यंत्ररचनेत साखळीची स्थिती काहीशी निराळी आहे. इंजिनातील दट्ट्या, क्लच, गिअरपेटीतील दंतचक्रे ही सर्व मंडळी बंदिस्त पेटीत तेलाने न्हाऊन निघालेली असतात. त्यांना वाऱ्याचा, पावसाचा किंवा मातीचा स्पर्श होत नाही. साखळीच्या वाट्याला मात्र हे सुख नाही. तिच्यावरून जाणारा भार तेवढाच मोठा. पण तिचे सर्व सांधे तेलाच्या पेटीबाहेर, पत्र्याचे आवरण असले तरी त्यात शिरणाऱ्या धुळीत व चिखलात काम करतात. शंभर सीसीच्या सर्वसाधारण गाडीला पुढे १४ दात्यांचे व मागे चाळीस-चव्वेचाळीस दात्यांचे स्प्रॉकेट असते. या मापांवरून हिशेब मांडला तर जळगाव ते धुळे या सुमारे नव्वद किलोमीटरांच्या वाटचालीत साखळीचे वीस हजारांच्या घरात फेरे होतात. आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक सांधा चार वेळा वाकतो वा सरळ होतो, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात एकेका सांध्याला ऐंशी हजार वेळा आपल्या पिनेभोवती घासावे लागते. हा आकडा ध्यानात ठेवला म्हणजे वंगणावाचून चालवलेली साखळी लवकर का संपते, याचा निराळा खुलासा करण्याचे कारण उरत नाही.

हान्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने मँचेस्टर येथे १८८० साली जी बुश-रोलर साखळी सिद्ध केली, तिचाच वंश आजच्या मोटारसायकलीवर नांदत आहे. त्यापूर्वीच्या साखळीत पिनेचा सारा भार पातळ पट्टीच्या कडेवर येई व ती झपाट्याने झिजे. रेनोल्डने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक नळकांडे, म्हणजे बुश, घातले. त्यामुळे पिनेला घासावयास लांब-रुंद पृष्ठभाग मिळाला, आणि बुशाभोवती सैल फिरणाऱ्या रोलरामुळे दात्यांवरचे घर्षणही उणावले. साखळीच्या पट्टीवर ४२८ असा जो क्रमांक पुष्कळदा कोरलेला आढळतो, त्यातील पहिला आकडा दोन लगतच्या पिनांमधील अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो: चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हे माप पुढे उपयोगी पडणार आहे.

साखळी ‘वाढली’ असे गॅरेजात म्हणतात, तेव्हा पोलाद रबरासारखे ताणले गेले असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना व बुश आतून झिजतात. एकेका सांध्यात मिलिमीटरचा दहावा हिस्सा जरी झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून साखळी दहा मिलिमीटरांनी लांब होते, आणि तो सैलपणा काढण्यासाठी मागील चाक सुमारे पाच मिलिमीटर मागे सरकवावे लागते. ‘चेन टाईट करणे’ ती हीच क्रिया. तिने झीज भरून निघत नाही. झिजलेली साखळी योग्य स्थितीत पुन्हा कामास लावता येते, इतकेच.

आणि येथेच ही झीज खानदेशात वेगाने का होते, ते सांगितले पाहिजे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या खोऱ्यांतील काळी माती कपाशीला व केळीला जितकी उपकारक तितकीच साखळीला जाचक आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो तेव्हा ही माती भुरभुरीत होऊन रस्त्यावर तरंगत राहते, आणि महामार्गाच्या चौपदरीकरणाची कामे जेथे जेथे रेंगाळली तेथे तेथे मुरमाची व खडीची धूळ तिच्यात मिसळली. पावसाळ्यात तीच माती चिकट होऊन चेन कव्हरच्या तळाशी थरावर थर बसते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून ये-जा करणाऱ्या गाडीचे कव्हर श्रावणानंतर उघडून पाहावे, म्हणजे आत वाळलेल्या मातीची एक पट्टीच साखळीला घासत असलेली दिसेल. धूळ आणि तेल यांचा संयोग झाला की घासकागदाच्या जातीचा एक लगदा तयार होतो. म्हणून घट्ट ग्रीस भरपूर चोपडणे, किंवा इंजिनातून काढलेले जळके ऑईल फुकट मिळते म्हणून साखळीवर ओतणे, हे दोन्ही रिवाज सोडून द्यावेत. जळक्या ऑईलमध्ये धातूचा कीस व काजळी आधीच असते. ते साखळीला घालणे म्हणजे झिजेला आमंत्रण होय. बैलगाडीच्या आसाला जुने शेतकरी नेमाने वंगण घालीत, पण त्याआधी आसावरचे जुने, मातीने मळलेले ओंगण पुसून काढीत. साखळीलाही नेमका तोच क्रम लागू आहे. रॉकेल मिळाल्यास रॉकेलने, न मिळाल्यास डिझेलने, मऊ ब्रशाने साखळी धुवावी, फडक्याने कोरडी करावी, आणि नंतर नव्वद नंबरचे गिअर ऑईल किंवा डब्यातील चेन स्प्रे खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवीत, थेंबाथेंबाने द्यावा. फेऱ्याच्या गतीने तेल आतून बाहेर जाते. म्हणून ते आतून द्यावयाचे. दहा-पंधरा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकावे, कारण काम करते ते सांध्यात शिरलेले तेल; वर राहिलेले केवळ धूळ गोळा करते. ज्या मोठ्या गाड्यांच्या साखळीत रबरी कड्या बसविलेल्या असतात तिला पेट्रोल व तारेचा ब्रश लावू नये. त्या कड्यांच्या आत कारखान्यातच भरलेले वंगण असते, आणि कडी गेली की ते वंगणही गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साखळी किती ताणावी? नव्या चालकाच्या मनात अशी एक समजूत घट्ट बसलेली असते की सैल साखळी म्हणजे कसूर आणि ताठ साखळी म्हणजे बंदोबस्त. मागून ‘खट्‌ खट्‌’ आवाज येऊ लागला की तो पाना घेऊन बसतो, आणि साखळी वीणेच्या तारेप्रमाणे वाजू लागेपर्यंत मागील चाक मागे सरकवणारा ॲडजस्टर फिरवतो. माझ्या मते घरगुती दुरुस्तीत होणाऱ्या नुकसानीपैकी सर्वांत गंभीर नुकसान याच समजुतीपायी होते, म्हणून तिचे निराकरण थोड्या विस्ताराने करणे अगत्याचे आहे.

मागील चाक ज्या दुहेरी दांडीत बसविलेले असते, ज्याला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात, ती दांडी पुढे एका बोल्टाभोवती वरखाली हलते. खड्ड्यात चाक वर उचलले जाते ते याच हालचालीने. पुढील स्प्रॉकेट मात्र त्या बोल्टाच्या किंचित पुढे, गिअरपेटीच्या दांड्यावर असते. म्हणजे चाकाचा फेरा एका केंद्राभोवती आणि साखळीची ओढ दुसऱ्या केंद्राकडे, अशी ही रचना आहे. पुढील स्प्रॉकेटचे केंद्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागील एक्सल ही तिन्ही ज्या क्षणी एका सरळ रेषेत येतात, त्या क्षणी दोन स्प्रॉकेटांमधील अंतर सर्वांत अधिक असते आणि साखळी सर्वांत ताठ होते. गाडी स्टँडवर रिकामी उभी असता एक्सल त्या रेषेच्या खाली असतो. चालक बसला, मागे दुसरा बसला, त्यावर कडब्याची पेंढी किंवा केळीचा घड चढला, आणि चाक खड्ड्यात आदळले, की तो त्या रेषेपर्यंत येतो. स्टँडवर जो सैलपणा दिसतो तो या क्षणासाठी राखून ठेवलेला असतो. तो आधीच काढून घेतला तर त्या क्षणी साखळीला देण्यासारखे काही उरत नाही. मग ओढ बसते ती गिअरपेटीच्या दांड्यावर, त्याच्या बेअरिंगवर व ऑईल सीलवर, मागील चाकाच्या बेअरिंगवर, आणि साखळीच्या प्रत्येक पिनेवर. डाव्या बाजूस पुढील स्प्रॉकेटपाशी तेल झिरपू लागले तर पुष्कळदा दोष त्या सीलकडे दिला जातो; साखळी अनेक महिने ताठ चालविली गेली होती का, ही चौकशी त्याच वेळी झाली पाहिजे.

सैल साखळीही निर्दोष नाही. ती आवरणाला घासते, गिअर बदलताना हिसका देते, आणि फारच सैल झाली तर दात्यांवरून उतरते. चाळीसगावाहून कन्नडच्या घाटात चढणीवर साखळी उतरली आणि ती चाकात गुंतली तर मागील चाक जाम होऊ शकते, हा धोका हलका नव्हे. परंतु सैल साखळी आवाज करून आगाऊ इशारा देते. ताठ साखळी शांतपणे चालते, म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहावे.

तेव्हा मोजमाप. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत सैलपणाचा आकडा दिलेला असतो. पुष्कळ साध्या गाड्यांत तो २० ते ३०, काहींत २५ ते ३५ मिलिमीटरांच्या दरम्यान आढळतो. मोजताना गाडी मेन स्टँडवर असावी की साईड स्टँडवर, हेही पुस्तिकाच सांगते, आणि तिचा शब्द पाळावा, कारण स्टँड बदलला की एक्सलची उंची बदलते व मापही बदलते. गाडी न्यूट्रलमध्ये घालावी, इंजिन बंद करावे आणि चावी काढून खिशात ठेवावी. चेन कव्हरच्या खालच्या अंगास जे रबरी बूच असते ते काढावे; खालच्या पदराचा मध्य तेथे बोटाला लागतो. बोटाने साखळी खाली दाबावी, मग वर उचलावी, आणि या दोन टोकांमधील एकूण अंतर पट्टीने मोजावे. केवळ वर उचलून मोजणारा निम्मेच माप घेतो आणि मग साखळी प्रमाणाबाहेर सैल करून ठेवतो, ही गफलत नेहमीची आहे. एका जागी मोजून थांबू नये. चाक हाताने पाव फेरा फिरवावे, पुन्हा मोजावे, आणि असे साखळीचा पूर्ण फेरा होईपर्यंत करावे. जुन्या साखळीची झीज सर्वत्र सारखी नसते, म्हणून एका जागी ३० मिलिमीटर भरलेला सैलपणा दुसऱ्या जागी १५ भरतो. जेथे साखळी सर्वांत ताठ असेल ती जागा धरूनच समायोजन करावयाचे.

चाक फिरवणे हे हातानेच. इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके लावण्याचा प्रघात कोठे कोठे दिसतो. फडके साखळीबरोबर स्प्रॉकेटवर ओढले जाते आणि त्याच्याबरोबर बोटेही. यात तडजोडीला जागा नाही. साडीचा पदर, सलवारीची ओढणी, सैल बाही यांनाही हाच न्याय लागू आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमाने मागील चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षक आवरण सक्तीचे केले, ते मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात गुंतू नये याच प्रयोजनाने.

समायोजनाची क्रिया स्वतः अवघड नाही. तिला घाई तेवढी चालत नाही. प्रथम एक्सलचा नट सैल करावा, काढू नये. सीडी १०० व स्प्लेंडर यांच्या घराण्यातील गाड्यांत डाव्या बाजूस, म्हणजे स्प्रॉकेटच्या बाजूस, आणखी एक मोठा नट असतो. त्याला स्लीव्ह नट म्हणतात, आणि तो सैल केल्यावाचून चाकाची डावी बाजू मागे सरकत नाही. नव्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही. तो ॲडजस्टरवर जोर करीत राहतो, उजवी बाजू सरकते, डावी जागच्या जागी राहते, आणि चाक तिरपे होते. हे दोन्ही नट सैल झाले की चिमट्याच्या दोन टोकांवरील ॲडजस्टरांचे लॉकनट मोकळे करावेत आणि मग डावीकडे अर्धा आटा, उजवीकडे अर्धा आटा, असे आळीपाळीने व सारखे फिरवावेत. चिमट्याच्या दोन्ही बाजूंस आडव्या रेघा कोरलेल्या असतात. ॲडजस्टरावरची खूण दोन्ही बाजूंस एकाच क्रमांकाच्या रेघेशी यावी. चाक तिरपे राहिले तर साखळी दात्यांच्या एका कुशीला घासते, टायर वाकडे झिजते, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असल्याचे भासते. बुलेटसारख्या गाड्यांत आट्यांच्या ॲडजस्टराऐवजी खाचा असलेल्या चकत्या असतात. तेथे दोन्ही बाजूंच्या चकत्या एकाच खाचेवर ठेवावयाच्या, एवढाच फरक.

माप साधले असे वाटले की एक्सलचा नट आवळावा आणि साखळी पुन्हा मोजावी. हे दुसरे मोजमाप पुष्कळजण टाळतात. परंतु नट आवळताना चाक केसभर मागे सरकते आणि सैलपणा दोन-चार मिलिमीटरांनी कमी होतो, ही नित्याची गोष्ट असल्यामुळे पहिल्या मापावर विसंबणे योग्य नव्हे. स्लीव्ह नट, एक्सल नट व दोन्ही लॉकनट आवळल्याची खात्री हात लावून करून घ्यावी, आणि जेथे एक्सलला स्प्लिट पिन असेल तेथे जुनी वाकलेली पिन पुन्हा न वापरता नवी घालावी.

यानंतर जे काम राहते ते साखळीचे नसून ब्रेकचे आहे, आणि घरी काम करणाऱ्याच्या हातून सर्वांत अधिक हयगय येथेच होते. ड्रम ब्रेकच्या गाडीत चाक मागे गेले म्हणजे ब्रेकचा दांडा ताणला जातो. पायाखालचे पेडल वर येते, ब्रेकचे लायनिंग ड्रमला घासत राहते, ड्रम तापतो व मायलेज उतरते, आणि कधी कधी मागचा लाल दिवा सतत पेटलेला राहतो. म्हणून साखळीनंतर ब्रेकच्या दांड्यावरील नट फिरवून पेडलची मोकळीक पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, चाक हाताने फिरवून ते कोठे अडत नाही ना हे पाहावे, आणि पेडल दाबल्यावर दिवा पेटतो व सोडल्यावर विझतो याचीही तपासणी करावी. मगच गाडी स्टँडवरून उतरवावी, आणि पहिली फेरी महामार्गावर न घेता गल्लीतच, हळू, एकदोनदा ब्रेक लावून घ्यावी.

एवढे सर्व केल्यानंतरही साखळी किती दिवस चालेल, याचा निर्णय पट्टीच देते. ४२८ क्रमांकाच्या साखळीचे वीस दुवे ताणून धरून पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजले तर नव्या साखळीत ते २५४ मिलिमीटर भरतात. दोन टक्के वाढ ही सुज्ञ मर्यादा धरली, तर २५९ मिलिमीटरला साखळीची मुदत संपली असे समजावे. पट्टी हाताशी नसेल तर मागील स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूवर साखळी बोटांनी मागे ओढून पाहावी. दात्याचा निम्मा भाग उघडा पडला, किंवा दाते एका बाजूला झुकून आकड्यासारखे टोकदार झालेले दिसले, तर ॲडजस्टर फिरवण्यात वेळ दवडू नये. ॲडजस्टर मागच्या टोकाला पोहोचला म्हणून साखळीचा एक दुवा काढून ती आखूड करण्याचा सल्लाही कोणी देतो. तो मानू नये, कारण लांबी घटली तरी झीज तेथेच राहते, आणि वाढलेल्या अंतराची साखळी दात्यांवर चढून उडी मारू लागते. अशा वेळी चेनसेट बदलावयाचा तो पुरता: साखळी, पुढील स्प्रॉकेट व मागील स्प्रॉकेट, तिन्ही एकदम. जुन्या दात्यांवर नवी साखळी घातली तर ते दाते तिला थोड्याच महिन्यांत आपल्या मापाची करून टाकतात. साखळीला क्लिपचे लॉक असेल तर क्लिपचे बंद टोक साखळीच्या धावण्याच्या दिशेकडे असावे, हे बसवणाऱ्याला विचारून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

मेकॅनिककडे जाणे कमीपणाचे आहे, असे मला येथे मुळीच सुचवावयाचे नाही. एक्सलचा नट गंजून बसला असेल, चिमट्याच्या बुशात खेळ आला असेल, साखळी एका जागी ताठ व दुसऱ्या जागी लोंबती असेल, किंवा चाक हलवून पाहता बेअरिंग खुळखुळत असेल, तर ते काम जाणत्या हाताचे आहे आणि त्याच्याच हवाली करावे. परंतु सैलपणा मोजणे, साखळी धुणे, तेल देणे, दोन्ही बाजूंच्या रेघा सारख्या आहेत ना हे पाहणे, एवढा कारभार चोपड्याच्या किंवा साक्रीच्या कोणत्याही अंगणात गाडीबरोबर मिळालेल्या पान्यांनिशी होऊ शकतो, आणि तो नव्या चालकाने दुसऱ्यावर सोपवू नये. पाचशे किलोमीटरांनी एकदा, आणि पावसातून आल्यावर त्याच दिवशी, एवढा नेम पुरे आहे.

वाचकाने हे पान मिटण्यापूर्वी एक गोष्ट करावी, अशी विनंती आहे. गाडीची पुस्तिका काढावी. ती हरवली असेल वा गाडी जुनी घेतलेली असेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे विचारणा करावी. आपल्या गाडीच्या साखळीच्या सैलपणाचा नेमका आकडा व तो कोणत्या स्टँडवर मोजावयाचा याचा तपशील मिळवावा, आणि तो सीटच्या खालच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवावा. चेनसेट नवा बसवलेला असेल तर त्या तारखेचे किलोमीटरही तेथेच लिहावेत. नव्या साखळीचे सांधे सुरुवातीच्या वाटचालीतच बसतात व ती लवकर सैल होते, म्हणून तिचे पहिले मोजमाप पाचशे किलोमीटर पुरे होण्याची वाट न पाहता त्याआधीच घ्यावे.